भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून काही लपवू नका

कांदिवली पूर्वेच्या एका वस्तीतली ही हकिकत. सहा वर्षांच्या मुलाचे हर्नियाचे ऑपरेशन सकाळी ९ वाजता ठरले होते. पोर भुकेने रडते म्हणून आजीने ७ वाजता, सुनेची नजर चुकवून, चहा-बिस्कीट दिले. ऑपरेशनच्या दाराशी भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी मुलालाच विचारले आणि त्याने खरे ते सांगून टाकले. ऑपरेशन पुढे गेले. बापाचा खाडा झाला, घरात भांडण झाले. "एका बिस्किटाने काय होतंय?" असे आजी अजूनही म्हणते.

आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण भूल म्हणजे साधी झोप नव्हे. झोपेत ठसका लागला तर आपण जागे होतो, खोकतो. पूर्ण भुलेत घशाची ही राखण बंद पडते. पोटातले अन्न वर आले तर थेट श्वासनलिकेत, फुप्फुसात जाते, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून साधारणपणे हलक्या खाण्यानंतर ६ तास, तेलकट किंवा मटणाच्या जेवणानंतर ८ तास, आईच्या दुधानंतर ४ तास आणि नुसत्या पाण्यानंतर २ तास जावे लागतात. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत. डॉक्टर जी वेळ सांगतील ती पाळावी. चुकून खाल्लेच तर लगेच सांगावे, तारीख पुन्हा मिळते.

दुसरी लपवाछपवी दारू-तंबाखूची. सासऱ्यासमोर, पोरांसमोर पुरुष "कधीमधी" म्हणतो. बायका मिश्रीचे नावच काढत नाहीत. पाचवे शील मोडल्याची लाज आम्ही समजू शकतो, पण तिथे चौथे तरी पाळा! रोज पिणाऱ्याची दारू ऑपरेशननंतर एकदम तुटली की थरकाप सुटतो, भ्रम होतो. बिडीवाल्याची छाती कफाने भरलेली असते. डॉक्टरांना हे आधी कळले तर ते तयारीत राहतात. चारचौघांत बोलवत नसेल तर एकटे भेटून सांगावे. दमा, बीपी-साखरेच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची अॅलर्जी, हलणारा दात, कवळी हेही सांगावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

पाठीत इंजेक्शन घेतले की जन्मभर कंबर दुखते, असे बाळंतिणी ऐकत आल्या आहेत. सुईची जागा काही दिवस दुखते, क्वचित डोके धरते. ते डॉक्टरांना सांगावे. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचे खापर मात्र त्या सुईवर फोडू नये. पाण्याचे हंडे कोण उचलते?

कांदिवली पश्चिमेच्या ज्या पालिका रुग्णालयाला आपण 'शताब्दी' म्हणतो, त्याला बाबासाहेबांचे नाव आहे, निदान आपण तरी ते घ्यावे. तिथे असो वा खाजगीत, संमतीपत्रावर सही-अंगठा करण्याआधी ते मराठीत समजून घ्यावे. भूल पूर्ण की कमरेखालची, कोण देणार, धोका काय, हे विचारायला शिक्षण लागत नाही. तो आपला हक्क आहे.

त्याच दिवशी घरी सोडले तर सोबत मोठे माणूस हवे. २४ तास गाडी चालवू नये, स्टोव्हजवळ एकटे बसू नये, दारूला शिवू नये.