परळमधली वेगमर्यादा

सापेक्षता शिकवताना काल्पनिक रॉकेट कशाला उडवायचे? परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातली किरणोपचाराची यंत्रे दाखवा. अशा यंत्रात ६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा दिलेला इलेक्ट्रॉन न्यूटनच्या हिशेबाने प्रकाशाच्या जवळपास पाचपट वेगाने पळायला हवा. प्रत्यक्षात तो प्रकाशवेगाच्या ९९.७ टक्क्यांवर असतो. ऊर्जा अडीचपट केली, तरी जेमतेम ९९.९५! प्रकाशवेग जवळ येतो तशी वेगातली किंचित वाढही महागत जाते. पूर्ण गाठायचा तर अनंत ऊर्जा लागेल. म्हणून वस्तुमान असलेला कोणताही कण तिथे पोहोचत नाही. वाढीव ऊर्जा मात्र वाया जात नाही. हे इलेक्ट्रॉन धातूवर आदळून निघणारे क्ष-किरण अधिक भेदक होतात, आणि शरीरात खोलवर असलेल्या गाठीसाठी डॉक्टरांना तेच हवे असतात.