रसायनाच्या वर्गातील मुका फळा

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली आमच्या कराड तालुक्यात काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ साली साताऱ्यास कॉलेज उघडले. रयतेच्या पोरांस दार उघडले. पण आत काय चालले आहे, हे त्यांस कोण सांगणार? उंब्रजच्या गुऱ्हाळात रसाचा आंबटपणा चुन्याने मारतात, हे पोर जाणते. तेच कॉलेजात इंग्रजीत आले की मुकाट बसते. आमचे म्हणणे एवढेच : धडा कोणता, परीक्षा केव्हा, गुण कसे, हे पहिल्याच दिवशी मराठीत फळ्यावर लिहा. पाण्यात आम्ल सावकाश ओतावे, तीव्र आम्लात पाणी कदापि नको, हे न सांगितल्यास डोळे जातील! गुरुजनहो, सांगणे हा उपकार नव्हे. आईबापहो, तुम्हीही जाऊन विचारा.