हजेरीचा पट

मॅट्रिकची परीक्षा देऊन पन्नास वर्षें झालीं, या निमित्तानें 2025 सालीं दिवाळीनंतरच्या एका रविवारीं आमचे शाळासोबती पाचोडास एकत्र जमले होते. अशा मेळाव्यांची वाचकांस आतां नवलाई राहिलेली नाहीं. बहुतेक घरांतील वडील माणसें वर्षांतून एखादे वेळीं अशीं कोठें तरी जाऊन येतात, आणि मग आठ दिवस घरांतील सुनांस व नातवंडांस त्याच त्या गोष्टी ऐकाव्या लागतात. आमच्या घरींही तसेंच व्हावयाचें. परंतु या वेळीं आम्ही घरीं आलों ते गप्पच आलों. असें कां झालें, तें सांगण्यासाठीं आजचें हें टिपण आहे.

पाचोड हें पैठण तालुक्यांतील, छत्रपति संभाजीनगराहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. आमच्या लहानपणीं जिल्ह्याचें नांव औरंगाबाद होतें, तें 2023 सालीं बदललें. गल्हाटी नदी, रविवारचा बाजार आणि मोसंबीचा व्यापार यांमुळें गांव आसपासच्या मुलखांत ओळखीचें आहे. एका सोबत्याच्या मोसंबीच्या बागेंतच आमची बैठक होती. यादींत बावीस नांवें होतीं. चौदा जण आले होते. राहिलेल्यांपैकीं कांहीं आजारी, कांहीं परगांवीं, आणि तिघे आतां नाहींत.

पहिली आठवण निघाली ती गणिताच्या सरांची. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, व तेथें वरच्या वर्गांचें शिक्षण उर्दूंतून होत असे. सरांचें सारें शिक्षण त्या काळांतलें. त्रिकोण शिकवितां शिकवितां त्यांच्या तोंडून 'मुसल्लस' हा शब्द निघून जाई, आणि वर्गांत खसखस पिके. सरही हंसत. हजेरीच्या वेळीं मात्र हंसणें नाहीं. नांव पुकारलें कीं 'हाजिर' असें उत्तर खणखणीत आलें पाहिजे. आमच्या वडिलांस हा यावनी शब्द रुचत नसे. 'उपस्थित' म्हणत जा, असें ते सांगत. पण वर्गांत सरांचेंच चाले. सरांचे डोळे अधू होते, व आम्ही वर्गाचे मॉनिटर होतों. त्यामुळें पुष्कळदां पट आम्हीच वाचीत असूं.

मग सुकडीची गोष्ट निघाली, आणि सर्वांचे चेहरे उजळले. घरांतील लहान मुलांस सुकडी म्हणजे काय, हें समजावून सांगावें लागेल. 1972 सालीं महाराष्ट्रांत मोठा दुष्काळ पडला. आधींचीं दोन वर्षेंही बेताचींच गेलीं होतीं. त्या वर्षीं पावसानें साफ पाठ फिरविली. सरकारनें ठिकठिकाणीं रस्त्यांचीं, खडी फोडण्याचीं, नालाबांधांचीं व पाझर तलावांचीं कामें काढलीं. मे 1973 मध्यें राज्यभर अशा कामांवर सुमारें 50 लक्ष माणसें होतीं. वि. स. पागे यांच्या विचारांतून निघालेली रोजगार हमीची योजना याच दुष्काळांत राज्यभर हातीं घेण्यांत आली, व 1977 सालीं तिचा कायदा झाला. आमच्याच तालुक्यांत पैठणास गोदावरीवरचें धरण उभें राहत होतें. लालबहादूर शास्त्री यांनीं 1965 सालीं त्याची कोनशिला बसविली होती, परंतु इंदिरा गांधींच्या हस्तें त्याचें उद्घाटन व्हावयास 1976 साल उजाडावें लागलें.

कामांवरील मजुरांस व त्यांच्या मुलांस जें गोडसर तयार पीठ मिळे, तें सुकडी. दुकानांत परदेशांतून आलेली तांबडी 'मिलो' ज्वारी मिळे. तिची भाकरी थापतांना फाटे व खातांना घशांत अडके. आमच्या घरीं मात्र बळदांत जुनी ज्वारी होती. त्यामुळें सुकडी आमच्या वांट्यास येत नसे, आणि म्हणूनच ती फार हवीशी वाटे. मधल्या सुटींत आम्ही आपली पांढरी भाकरी देऊन तिच्या बदली मूठभर सुकडी घेत असूं. हा आमचा व्यापार आम्हीं बैठकींत मोठ्या रंगानें वर्णन केला. सगळे हंसले.

एक जण हंसला नाहीं. "ती भाकर मी खात नव्हतों रे," तो म्हणाला. "धाकटीसाठीं घरीं नेत होतों."

हा आमचा सोबती नववींत असतांना आईबरोबर खडी फोडावयास गेला, व त्याचें वर्ष बुडालें. पुढें तो परत आला तेव्हां मोठी मौज झाली. त्याच सुमारास अकरावीची जुनी मॅट्रिक बंद होऊन दहावीची नवी परीक्षा आली, आणि 1975 सालीं जुन्या अकरावीचा शेवटचा वर्ग व नव्या दहावीचा पहिला वर्ग एकाच वर्षीं परीक्षेस बसले. आम्ही अकरावीच्या बांकावर, तो दहावीच्या. मॅट्रिक झालों ते बरोबरच. दुष्काळानें नेलेलें वर्ष सरकारनें परत दिलें, असें तो थट्टेनें म्हणतो. पुढें तो एस्. टी. मध्यें वाहक झाला. आमच्या यादींत त्याचें नांव आलें तें यामुळेंच. कारण यादी आम्हीं केली होती, व ती 1975 सालीं मॅट्रिकला बसलेल्यांची होती.

"मॉनिटर," तो पुढें म्हणाला, "यादी राहूं दे. पट वाच. तुला पाठ आहे."

पट आम्हांस पाठ होता, हें खरें. परंतु तो वाचण्यापूर्वीं त्याचें पुढें काय झालें, तें वाचकांस सांगितलें पाहिजे. आजवर हें आम्हीं कोणास सांगितलें नव्हतें.

वर्गांत एकंदर 38 नांवें होतीं. त्यांत चार मुली. 1972 च्या दिवाळीनंतर मुलें कमी होऊं लागलीं. कामावर सकाळीं हजेरी लागे; ती लागल्याशिवाय मजुरी नाहीं. शाळेची हजेरीही सकाळचीच. एकाच मुलास दोन्ही ठिकाणीं हजर राहतां येत नसे. संक्रांतीच्या सुमारास वर्गांत आम्ही सतरा जण उरलों. जे येत नसत त्यांच्या नांवापुढें सर पेन्सिलीनें हजेरीची खूण करीत, आणि "पाऊस पडला कीं येतील," एवढेंच म्हणत. लांबलेल्या गैरहजेरीनें नांव पटावरून कमी होतें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. सर खोटें लिहीत आहेत, एवढेंच आम्हांस दिसे.

एके दिवशीं तपासणीस साहेब आले. त्यांनीं पट पाहिला, मग बांकांकडे पाहिलें, आणि मॉनिटर कोण, असें विचारलें. आम्ही उभे राहिलों. "रोज किती मुलें येतात?" सर खिडकीबाहेर पाहत होते. 'सर सांगतील' असें म्हणून आम्हांस खालीं बसतां आलें असतें. पण आम्हीं मोठ्यानें उत्तर दिलें, "दोन महिने झाले, सतराच येतात." साहेबांनीं आमची पाठ थोपटली. घरीं वडिलांनींही थोपटली.

त्याच आठवड्यांत एकवीस नांवांवर तांबड्या शाईची रेघ आली. रेघा ओढल्या सरांनीं. नांवें एकेक करून वाचून दिलीं तीं आम्हीं. सर आम्हांस एका शब्दानें बोलले नाहींत. मात्र त्या दिवसापासून पट ते स्वतः, डोळ्यांशीं धरून, वाचूं लागले.

नांव एकदां गेलें कीं परत येण्यास अर्ज, शुल्क आणि पालकांची शाळेंत खेप. म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. 1973 सालीं पाऊस चांगला झाला. एकविसांपैकीं पांच जण परत आले. सोळा आले नाहींत.

मॅट्रिकनंतर वडिलांपाशीं संस्कृताचा अभ्यास करीत असतां महाभारताच्या कर्णपर्वांतील कौशिकाची कथा आमच्या वाचनांत आली. सदा सत्यच बोलावयाचें, असें या तपस्व्याचें व्रत होतें. चोरांच्या भयानें कांहीं माणसें रानांत लपलीं. चोरांनीं त्यांचा मार्ग कौशिकास विचारला, व त्यानें खरा तो सांगितला. माणसें मारलीं गेलीं, आणि कौशिक नरकास गेला. स्वतः श्रीकृष्ण ही कथा अर्जुनास सांगतो. आमची सारी हयात शिक्षकींत गेली. सत्याचा महिमा आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितला असेल, त्याची गणती नाहीं. ही कथा मात्र एकदांही सांगितली नाहीं.

असो. त्या दिवशीं बागेंत आम्हीं पट वाचला. इतक्या वर्षांनीं क्रम चुकला नाहीं. समोर बसलेले 'हाजिर' म्हणूं लागले. आरंभीं थट्टा होती, ती दहा नांवांत ओसरली. जेथें उत्तर येईना, तेथें ज्यास ठाऊक असेल तो सांगे. एक जण ऊसतोडीस गेला, तो तिकडेच कारखान्याच्या गांवीं राहिला. एक वाळूजच्या कारखान्यांत पहारेकरी होता, तो वारला. दोघे पुण्यास आहेत. चार मुलींपैकीं तिघींचीं लग्नें त्या दोन वर्षांतच होऊन गेलीं. त्यांचीं माहेरचीं नांवें आम्हांस ठाऊक, सासरचीं कोणासच नाहींत. आम्ही पटावरून हांक मारली, तर आज त्यांच्या घरांतील माणसांसही ती कोणास मारली तें उमजणार नाहीं. अशा रीतीनें सोळांपैकीं सातांचा कांहींच पत्ता लागला नाहीं.

अकराव्या क्रमांकाशीं आम्ही थांबलों. हा मुलगा आमच्या शेजारीं बसे. संस्कृताचें पुस्तक दोघांत एक, आमचें. शब्दरूपें आमच्याहून त्याचीं आधीं पाठ होत. "तो आहे कीं," वाहक सोबती म्हणाला. "दोन कोसांवर शेतांत राहतो. आज बाजारांतच असेल."

बाग सोडून आम्ही बाजारांत गेलों. तो मेथीच्या जुड्या लावून बसला होता. ओळख त्यालाच आधीं पटली. "काय मानिटर, हजेरी घ्याया आलास व्हय?"

आम्हीं तेथेंच, उभ्याउभ्या, तपासणीची हकीकत त्यास सांगितली. त्यानें ऐकून घेतलें. मध्यें एका बाईस दोन जुड्या देऊन पैसे मोजून घेतले. मग म्हणाला, "मला ठावं हाय. सरांनीच सांगितलं व्हतं. त्या पोराला बोल लावू नको, म्हनाले." थोड्या वेळानें म्हणाला, "शाळा तुझ्यामुळं न्हाई सुटली. आय एकली खडी फोडीत व्हती." आणि आणखी थोड्या वेळानें, "नाव ऱ्हायलं असतं, तर पावसाळ्यात आलो असतो." तिन्ही गोष्टी तो सारख्याच शांतपणें बोलला. त्यांतली पहिली किंवा दुसरी तेवढी घेऊन घरीं यावें, असा मोह आम्हांस झाला, हें आम्ही लपवीत नाहीं. पण तिसरीही त्यानेंच सांगितलेली आहे.

मग त्यानें एक काम काढलें. नातीच्या पुढील शिक्षणासाठीं जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हावयाची आहे. त्यास आजोबांच्या शाळेचा उतारा हवा. तो मागावयास हा गेलाच नव्हता. "नाव तर कापलं. आता तिथं काय घावनार?" आम्हीं त्यास सांगितलें, कीं रेघ ओढली ती हजेरीच्या पटावर, प्रवेशाची मोठी नोंदवही निराळी असते, व ती शाळेस कायमची जपून ठेवावी लागते.

त्यासाठीं आम्हीं मुक्काम वाढविला. दोन दिवसांनीं दोघे मिळून शाळेंत गेलों. जुनी नोंदवही काढून मिळाली. त्याचें नांव होतें. वडिलांचें नांव, जन्मतारीख, जात, प्रवेशाचा दिवस, सारें होतें. शेवटल्या रकान्यांत शाळा सोडण्याचें कारण असतें; तेथें 'सतत गैरहजर' असें लिहिलेलें होतें. तें त्यानें आमच्याकडून दोनदां वाचवून घेतलें. "खडी फोडत व्हता, असं लिहायला पायजे व्हतं," एवढेंच तो म्हणाला. उतारा घेऊन तो घरीं गेला.

पाणिनीच्या मतें लोप म्हणजे केवळ न दिसणें. लोप पावलेला प्रत्यय डोळ्यांस दिसत नसला, तरी त्याच्यामुळें व्हावयाचें कार्य होऊन जातें. ही गोष्ट व्याकरण म्हणून आम्ही फार वर्षांपूर्वीं शिकलों व इतरांस शिकविली. माणसांच्या बाबतींत ती आम्हांस आतां थोडी कळूं लागली आहे.

आमच्या वाचकांच्या घरांतही असे मेळावे भरत असतील, व त्यांच्या याद्याही परीक्षेच्या निकालावरून होत असतील. कारण तीच सोपी वाट आहे. आमची विनंती एवढीच, कीं यादी करतांना घरांतील वडील मंडळींस शेवटच्या वर्षींचीं नांवें न विचारतां पहिल्या वर्षींचीं विचारावीं, आणि शेजारीं कोण बसत असे, हेंही विचारावें.

आमचा पुढील मेळावा येत्या दिवाळीस आहे. या वेळीं पत्रें पटावरून जातील. सात पत्ते अद्याप हातीं लागावयाचे आहेत. मुलींचीं माहेरें पाचोडाच्या आसपासचींच असल्यामुळें त्यांचा शोध प्रथम चालविला आहे.