मोतीबिंदू: फेको, एसआयसीएस की लेझर?

‘जास्त पैसे लागले तरी चालतील, पण लेझरनेच करू,’ असे आई-वडिलांसाठी ठरवले असेल, तर थोडे थांबा.

फेकोमध्ये लेझर नसतो. साधारण २.२ ते २.८ मिमी छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेतात. एसआयसीएसमध्ये छेद ६ ते ७ मिमीचा असतो. दोन्हींत सहसा टाके लागत नाहीत.

पुण्यात ४०० रुग्णांवर झालेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर फेकोनंतर ८१ टक्के, तर एसआयसीएसनंतर ७१ टक्के रुग्णांना होती. योग्य चष्मा दिल्यावर मात्र दोन्हींकडे ९८ टक्के! म्हणजे फरक मुख्यतः चष्म्याच्या नंबराचा.

फेम्टो लेझर फक्त सुरुवातीचे टप्पे करतो. पुढे फेको करावेच लागते. ब्रिटन आणि फ्रान्समधील २०२० च्या मोठ्या चाचण्यांत त्याने नजर अधिक सुधारली नाही, खर्च मात्र वाढला.

मोतीबिंदू फार पिकून कडक झाला असेल, तर अनेकदा एसआयसीएसच सोयीची ठरते. तिला ‘गरिबांचे ऑपरेशन’ समजू नका. आणि लेझरसाठी पैसे जमेपर्यंत थांबू नका. अतिपिकलेल्या मोतीबिंदूमुळे डोळ्यातील दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते.