पडताळ्याची दुसरी वाट

उपग्रह येण्यापूर्वी समुद्रावरून उडणाऱ्या वैमानिकाची सारी भिस्त हिशेबावर असे. होकायंत्राने दिशा दाखवायची, घड्याळाने वेळ, वेगमापकाने वेग; वाऱ्याने किती ढकलले असेल तो अंदाज ज्याचा त्याने करायचा आणि नकाशावर पेन्सिलीने खूण करायची. दिशा एका अंशाने चुकली तर साठ मैलांत विमान मैलभर बाजूला जाते. जमिनीवर नदी किंवा रेल्वेचे रूळ दिसले की खूण दुरुस्त होई. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले ते असेच, रेडिओविना.

समुद्रावर रूळ नसतात. फ्रान्सिस चिचेस्टर १९३१ साली न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे छोट्या विमानातून एकटा निघाला, तेव्हा वाटेत इंधनासाठी नॉरफोक बेट गाठणे भाग होते. उघड्या कॉकपिटमध्ये विमान सांभाळत त्याने सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजली. त्या मोजणीतून ठिकाण मिळत नाही, फक्त एक रेषा मिळते. आपण तिच्यावर कुठेतरी असतो. थेट बेटाकडे निघाले आणि बेट दिसले नाही, तर ते डावीकडे राहिले की उजवीकडे, हे कळायला मार्ग नाही. म्हणून चिचेस्टरने मुद्दाम बेटाच्या एका बाजूचा रोख धरला. बेटावरून जाणाऱ्या सूर्यरेषेवर पोहोचताच तो वळला आणि रेषा धरून बेटावर उतरला. आपला अंदाज चुकणार हे गृहीत धरून आखलेली ही युक्ती मला विमानविद्येतल्या सर्वांत शहाण्या गोष्टींपैकी एक वाटते.

पुढे रेडिओ आला. जमिनीवरचे व्हीओआर केंद्र आपल्यापासून विमान कोणत्या दिशेला आहे ते सांगते. दोन केंद्रांच्या रेषा छेदतात तिथे विमान. त्यातही पडताळा अर्धवट राहिला की काय होते, हे आपल्याला फार महागात कळले. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात होते. त्याच्या दोन व्हीओआर संचांपैकी एक नादुरुस्त होता आणि बैरूत सोडतानाच वैमानिकाला ते ठाऊक होते. माँ ब्लाँ नेमका कुठे, याचा अंदाज चुकला. रडारवर बसलेल्या नियंत्रकाने चूक ओळखली, डोंगर अजून पुढे असल्याचे कळवलेही; पण शब्द पुरेसे नेमके नव्हते. डोंगर मागे पडला असे समजून वैमानिक खाली येत राहिला. होमी भाभांसह ११७ जण गेले.

१९७० च्या दशकात जंबो विमानांबरोबर बाहेरून कोणताही संदेश न घेता स्वतःची हालचाल मोजणारी जडत्वीय यंत्रणा रुळली आणि नॅव्हिगेटरची खुर्ची रिकामी झाली. १९८३ साली कोरियाचे प्रवासी विमान, स्वयंचालक या यंत्रणेशी न जोडला गेल्याने, भरकटत सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ बळी गेले. त्यानंतरच अमेरिकेने जीपीएस नागरी विमानांना खुले करण्याची घोषणा केली.

जीपीएसने अचूकता दिली, यात वाद नाही. पण त्याचा संदेश अतिशय क्षीण असतो. तो दाबता येतो, खोटाही पाठवता येतो. एप्रिल २०२४ मध्ये अशा हस्तक्षेपामुळे फिनएअरची दोन विमाने एस्टोनियातल्या तार्तूला न उतरता हेलसिंकीला परतली आणि कंपनीने ती सेवा महिनाभर थांबवली, कारण तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवरच बेतलेली होती. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयालाही नोव्हेंबर २०२३ मध्ये विमान कंपन्यांना याबाबत सूचना द्याव्या लागल्या.

जमिनीवरची केंद्रे जुनी झाली, देखभालीला खर्च येतो, म्हणून ती मोडीत काढावीत, हा युक्तिवाद हिशेबाच्या वहीत बरा दिसतो. अमेरिकेनेही व्हीओआर केंद्रे कमी केली, पण किमान जाळे राखूनच: जीपीएस बंद पडले तरी विमानाला शंभर सागरी मैलांच्या आत उतरण्याजोगा विमानतळ मिळावा, हा त्यामागचा निकष. आपल्याकडेही एखादे केंद्र बंद करण्यापूर्वी असाच निकष जाहीर व्हायला हवा. आणि वैमानिकांच्या नियमित सिम्युलेटर सरावात जीपीएस नुसते बंद करून भागणार नाही. ते खोटे ठिकाण दाखवत असताना ते खोटे आहे हे व्हीओआर आणि घड्याळ यांवरून ओळखण्याची परीक्षाही त्यात असायला हवी.