कोणते विमान श्रेष्ठ, हा प्रश्नच अपुरा

हुबळीहून कारवारच्या रस्त्याला लागले की सुमारे तीस किलोमीटरवर कलघटगी लागते. लाखेच्या रंगांनी रंगवलेल्या लाकडी पाळण्यांसाठी हे गाव ओळखले जाते. गेल्या खेपेस गोव्याकडे परतताना तेथील एका खानावळीत थांबलो होतो. शेजारच्या बाकावर गिरमिट आणि मिरचीच्या बशा पुढ्यात घेऊन पाच-सहा तरुण हिरीरीने वाद घालत होते. निम्मे बोलणे कन्नडमध्ये, निम्मे मराठीत. विषय होता लढाऊ विमानांचा. एकाच्या मते राफेलला तोड नाही, दुसऱ्याला सुखोईचा पल्ला आणि शस्त्रभार थोर वाटत होता. तिसरा अमेरिकेच्या एफ-३५ खाली उतरायला तयार नव्हता आणि चौथा, आपले ते आपलेच, असे म्हणून तेजसची बाजू लढवत होता. वेग, पल्ला, क्षेपणास्त्रांची संख्या, सारे तोंडपाठ. त्यांच्यातला एक जण मात्र गप्प होता. तो हवाई दलाच्या भरतीची तयारी करत होता आणि त्याला विमानांच्या देखभालीच्या कामात जायचे होते. 'तू नुसता पाना फिरवत बसशील,' असे म्हणून मित्रांनी त्याची थट्टा केली आणि वाद पुन्हा राफेलवर आला.

असा वाद आपल्याकडेही नवा नाही. वास्को, चिखली, बोगमाळो परिसरात वाढलेल्या मुलांना आवाजावरून विमान ओळखता येते. दाबोळीच्या 'आयएनएस हंसा' तळावरून उडणारी नौदलाची विमाने हा तेथील दिनक्रमाचाच भाग आहे. बोगमाळोच्या वाटेवरील नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर आणि सुपर कॉन्स्टेलेशन ही विमाने जवळून पाहता येतात. या हौसेला कमी लेखण्याचे कारण नाही. संरक्षणासारख्या रुक्ष विषयात सामान्य माणसाचे मन रमते, ते बहुधा या यंत्रांच्या आकर्षणामुळेच. तथापि गेल्या वर्षभरातील घटनांनंतर या हौसेचे रूपांतर विमानांच्या नावावर राष्ट्रांची इभ्रत मोजण्यात झाले आहे आणि तेथे थोडे थांबून विचार करण्याची गरज आहे. हवाई सामर्थ्य म्हणजे एखादे विमान नव्हे, ती एक साखळी आहे. तिची सर्वांत कच्ची कडी कोणती, हे पाहण्याऐवजी आपण तिच्या सर्वांत चकचकीत कडीवर भांडत बसतो.

याचा पहिला धडा गोव्याच्याच इतिहासात आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी पुण्याच्या तळावरून उडालेल्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक केली. बेळगावच्या सांबरा तळावरून निघालेल्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. पोर्तुगिजांकडे गोव्यात एकही लढाऊ विमान नव्हते. म्हणजे विमानाविरुद्ध विमान असा सामनाच झाला नाही. लक्ष्य होते ते धावपट्टी आणि संपर्कयंत्रणा. विमानतळाच्या इमारती मात्र वाचवण्याची सूचना वैमानिकांना होती. आणि एवढे होऊनही त्याच रात्री धावपट्टीची तात्पुरती डागडुजी करून दोन प्रवासी विमाने पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन कराचीकडे निसटली. धावपट्टी फोडणारे दल जितके महत्त्वाचे, तितकीच ती रातोरात बुजवणारी माणसेही महत्त्वाची, हे त्या एका दिवसाने दाखवून दिले.

दुसरा धडा सी हॅरियरचा. हे विमान १९८३ च्या अखेरीस दाबोळीला आले आणि मे २०१६ पर्यंत नौदलाच्या 'व्हाइट टायगर्स' तुकडीत राहिले. ध्वनीच्या वेगापेक्षा मंद असलेले हे विमान कागदोपत्री तुलनेत कधीच वरच्या क्रमांकावर बसले नसते. परंतु १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनच्या सी हॅरियर विमानांनी अर्जेंटिनाची वीस विमाने पाडली. हवाई द्वंद्वात त्यांनी स्वतःचे एकही विमान गमावले नाही. प्रतिस्पर्ध्यांकडे ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडू शकणारी मिराज विमाने होती. पण मुख्य भूमीवरून बेटांपर्यंत पोहोचताना त्यांचे इंधन इतके खर्ची पडे की लढायला मोजकीच मिनिटे उरत. ब्रिटिशांकडे कोणत्याही दिशेने माग काढू शकणारे सुधारित साइडवाइंडर क्षेपणास्त्र होते, जवळच समुद्रात विमानवाहू नौका होत्या आणि वैमानिकांचा सराव पक्का होता. वेगाचा आकडा तेथे निरुपयोगी ठरला. भारतीय नौदलानेही पुढे याच जुन्या सांगाड्यात इस्रायली रडार आणि लांब पल्ल्याचे डर्बी क्षेपणास्त्र बसवून त्याचे आयुष्य वाढवले. डोळे आणि शस्त्र बदलले की जुने विमानही वेगळे विमान होते.

याच्या नेमके उलट उदाहरणही दाबोळीतच सापडते. सी हॅरियरनंतर नौदलाची भिस्त ज्यावर आली, ते रशियन मिग-२९के कागदावर कितीतरी सरस. वेग दुप्पट, शस्त्रभार अधिक, रडार नवे. अशी ४५ विमाने घेण्यात आली. मात्र महालेखापरीक्षकांनी २०१६ मध्ये सादर केलेल्या अहवालात या विमानांची उड्डाणसज्जता १५.९३ ते ३७.६३ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे नमूद केले. म्हणजे कोणत्याही दिवशी दहापैकी सहा किंवा त्याहून अधिक विमाने उडण्याच्या स्थितीत नव्हती. २०१० पासून सेवेत आलेल्या इंजिनांपैकी ४० इंजिने, म्हणजे ६२ टक्के, रचनेतील दोषांमुळे काढून घ्यावी लागली, असेही तो अहवाल सांगतो. हे आकडे त्या काळचे आहेत. पण ते वाचल्यावर 'मिग श्रेष्ठ की हॅरियर' या वादाला किती अर्थ उरतो?

या आकड्यांमागे माणसे आहेत, याचाही विसर पडू नये. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी दाबोळीहून उडालेले मिग-२९के जातीचे प्रशिक्षण विमान पक्ष्यांच्या धडकेनंतर कोसळले. वैमानिकांनी ते वस्तीपासून दूर, वेर्ण्याच्या पठाराकडे नेले आणि मगच बाहेर उडी घेतली. दोघेही बचावले. वर्षभराने, २६ नोव्हेंबर २०२० रोजी अरबी समुद्रात झालेल्या अपघातात कमांडर निशांत सिंग यांना प्राण गमवावे लागले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या हवाई प्रदर्शनात तेजस कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले, तेव्हा त्या दुर्घटनेची चित्रफीत समाजमाध्यमांवर टोमण्यांसह फिरली. आपल्या आवडीच्या विमानाचा विजय साजरा करणारे मन दुसऱ्याच्या मृत्यूकडे खेळातल्या गुणांसारखे पाहू लागते, ही या वादाची सर्वांत खेदजनक बाजू होय.

आता मे २०२५ कडे येऊ. 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी दोन्ही देशांची विमाने बहुतांशी आपापल्या हद्दीत राहून लढली. परस्परांना डोळ्यांनी न पाहता लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे सोडली गेली. चिनी बनावटीच्या पीएल-१५ क्षेपणास्त्राचे अवशेष पंजाबात होशियारपूर परिसरात सापडले. संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये विमानहानी झाल्याचे मान्य केले. मात्र किती विमाने पडली यापेक्षा ती का पडली हे महत्त्वाचे, आणि चूक ओळखून डावपेच बदलल्यावर पुन्हा हल्ले केले गेले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे ९ ऑगस्टला बंगळुरूत हवाई दलप्रमुख अमरप्रीतसिंग यांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे विमान पाडल्याचे सांगितले. पाकिस्तानने हा दावा फेटाळला. आकड्यांचा वाद चालू राहील. पण हवाई दलप्रमुखांनी त्या यशाचे श्रेय कोणत्या शस्त्राला दिले, हे पाहण्यासारखे आहे. ते कोणते लढाऊ विमान नव्हते, तर जमिनीवर उभी असलेली एस-४०० ही क्षेपणास्त्र यंत्रणा होती. त्या मोठ्या विमानाचा वेध सुमारे तीनशे किलोमीटरवरून घेतला गेला, असे ते म्हणाले. म्हणजे शत्रूला आधी कोण पाहतो, ती माहिती क्षणात कोणापर्यंत पोहोचते आणि क्षेपणास्त्राचा पल्ला किती, यावर निकाल लागू लागला आहे. राफेल विरुद्ध जे-१० ही चर्चा या सगळ्या साखळीला वगळून केली जाते, म्हणून ती अपुरी.

यावर कोणी म्हणेल, मग विमानाला काहीच महत्त्व नाही का? आहे, निश्चितच आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या वैमानिकाला साठच्या दशकात दाखल झालेल्या जातीच्या मिग-२१ मधून पाकिस्तानच्या आधुनिक विमानांना सामोरे जावे लागले, ही काही भूषणावह गोष्ट नव्हती. ते विमान अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झाले. पण त्या निवृत्तीने दुसरा प्रश्न उघडा पडला. हवाई दलाला मंजूर असलेल्या ४२ तुकड्यांपैकी हाती उरल्या अवघ्या २९. विमान कितीही उत्तम असले तरी ते एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते. दोन सीमा सांभाळणाऱ्या देशाला संख्याही लागते.

ही संख्या का घटली, याचे उत्तर इंजिनात दडले आहे. भारताने स्वतः घडवलेले पहिले लढाऊ जेट 'मरुत' १७ जून १९६१ रोजी, म्हणजे गोवा मुक्तीच्या सहा महिने आधी, बंगळुरूत उडाले. कुर्ट टँक या जर्मन तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला त्याचा सांगाडा उत्तम होता. पण त्याला साजेसे इंजिन मिळाले नाही आणि ते अपेक्षित वेग कधी गाठू शकले नाही. चाळीस वर्षांनी, ४ जानेवारी २००१ रोजी, तेजस उडाले. त्याच्या पहिल्या तुकडीची स्थापना मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, जुलै २०१६ मध्ये झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ सुधारित तेजसची मागणी नोंदवली गेली, पण अमेरिकेहून यायच्या इंजिनांना विलंब झाला. त्यांपैकी पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले. आता नाशिकच्या ओझरलाही तेजसची जोडणी सुरू झाली आहे आणि आणखी ९७ विमानांचा करार झाला आहे. परंतु इंजिन परक्याचे असेपर्यंत आपल्या हवाई दलाचे वेळापत्रक परक्याच्या कारखान्यात ठरणार. १९६१ मधला प्रश्न आजही सुटलेला नाही.

गोव्याच्या दृष्टीने पुढचा अध्याय राफेल-एमचा आहे. विमानवाहू नौकेसाठी कोणते विमान घ्यावे, याच्या चाचण्या २०२२ मध्ये दाबोळीच्याच चाचणी केंद्रावर झाल्या. राफेल-एम आणि अमेरिकेचे सुपर हॉर्नेट ही दोन्ही विमाने तेथील चढत्या धावपट्टीवरून उडाली. त्यानंतर २८ एप्रिल २०२५ रोजी २६ राफेल-एमचा सुमारे ६४ हजार कोटी रुपयांचा करार झाला. २०२८ पासून ती येऊ लागतील. या करारातील सर्वांत आश्वासक भाग विमानाच्या वेगाचा नाही. त्यात प्रशिक्षण, सराव-यंत्रे, शस्त्रे आणि कामगिरीशी निगडित देखभाल यांचा समावेश आहे. मिग-२९केच्या वेळचा अनुभव पदरी असताना ही कलमे कागदावरच राहू नयेत, हे पाहणे संसदेचे, लेखापरीक्षकांचे आणि करदात्यांचेही काम आहे. एवढा पैसा खर्चल्यावर विचारायचे प्रश्न साधे आहेत. दर सकाळी किती विमाने सज्ज असतात? सुटे भाग किती दिवसांत मिळतात? वैमानिकाला महिन्याला किती तास उडायला मिळते? भारतीय क्षेपणास्त्रे त्यावर कधी बसणार? जमिनीवर उभी असलेली विमाने ड्रोनपासून सुरक्षित आहेत का? १ जून २०२५ रोजी युक्रेनने ट्रकमधून नेलेल्या स्वस्त ड्रोनांनी रशियाची अवाढव्य बॉम्बफेकी विमाने त्यांच्याच तळांवर जाळली, हे ताजे उदाहरण डोळ्यांसमोर आहे.

यांतील काही आकडे गोपनीय राहणार, हे मान्य. पण महालेखापरीक्षकांच्या अहवालांतून आणि संसदीय समित्यांच्या कामकाजातून बरेच काही उघड होत असते. ते वाचण्याची सवय विमानप्रेमींनी लावून घेतली तर त्यांच्या ज्ञानाचा देशाला खरा उपयोग होईल.

कलघटगीचे पाळणे घेणारा ग्राहक त्यावरील चित्रे आणि रंग पाहून भुलतो. कारागीर मात्र आधी सांधे तपासतो, कारण मुलाचा भार त्यांवर पडणार असतो. त्या खानावळीतून निघताना थट्टेचा विषय झालेल्या त्या मुलाला मी एवढेच विचारले की परीक्षा कधी आहे. 'तयारी चालू आहे, सर,' तो म्हणाला. त्याची निवड झाली तर त्याच्या हातातल्या पान्यावर एखाद्या वैमानिकाचा जीव अवलंबून असेल. त्याच्या मित्रांच्या वादात त्याला बोलायची संधी मिळाली नाही. वास्तविक त्या बाकावर सर्वांत आधी ऐकायला हवे होते ते त्याचेच.