विश्लेषण : जुने बिझनेस जेट स्वस्त, पण सौदा महाग का ठरतो?

नागपूरच्या मिहानमध्ये ‘फाल्कन २०००’ या बिझनेस जेटची जुळणी करण्याची घोषणा दसाँ एव्हिएशन आणि रिलायन्स यांनी जून २०२५ मध्ये पॅरिस एअर शोमध्ये केली. २०२८ पर्यंत पहिले विमान उडवण्याचे उद्दिष्ट आहे. मिहानपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील भंडारा जिल्ह्यातील सानगडीत अशा विमानाचा ग्राहक मिळणार नाही. मात्र सरकारी विमान करदात्याच्या पैशातून येते, प्रचारकाळात नेते भाड्याच्या जेटमधून फिरतात आणि अत्यवस्थ रुग्णालाही कधी तेच विमान न्यावे लागते. त्यामुळे जुन्या विमानांचा हा बाजार समजून घ्यायला हवा.

मध्यम आकाराचे जेट म्हणजे काय?

साधारण सात ते नऊ प्रवासी बसतील आणि नागपूरहून दुबई एका दमात गाठता येईल, असे विमान. हॉकर ८००एक्सपी, लिअरजेट ६० ही या गटातील परिचित नावे. नागपुरात तयार होणार असलेले फाल्कन याहून मोठे.

जुने का घेतात?

नव्या विमानाची किंमत डोळे पांढरे करणारी असते. गुजरात सरकारने २०१९ मध्ये याहून मोठ्या गटातील ‘चॅलेंजर ६५०’ घेतले, ते १९१ कोटी रुपयांना. शिवाय नव्यासाठी रांगेत थांबावे लागते. जुने विमान याच्या काही अंशात आणि लवकर मिळते.

मग अडचण कुठे?

विमान जुने झाले म्हणून त्याची देखभाल स्वस्त होत नाही. इंजिनाची ठरावीक तासांनंतरची मोठी दुरुस्ती, लँडिंग गिअर, विद्युत यंत्रणा यांचे दर नव्या विमानाइतकेच राहतात. म्हणून इंजिन तासागणिक पैसे भरण्याच्या देखभाल करारात आहे का, हा पहिला प्रश्न. दुसरा, नोंदवह्या पहिल्या दिवसापासून सलग आहेत का. पान गहाळ असेल, तर सुटा भाग चांगला असूनही तो सिद्ध करता येत नाही. तिसरा, विमानावर कर्जाचा बोजा आहे का. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या कार्यशाळेकडून खरेदीपूर्व तपासणी करून घेणे याचसाठी आवश्यक असते.

उत्पादन बंद झालेल्या विमानाचे काय?

हॉकर बीचक्राफ्ट २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि हॉकर जेटचे उत्पादन थांबले. शेवटचे लिअरजेट २०२२ मध्ये ग्राहकाला देण्यात आले. या विमानांना सुटे भाग आजही मिळतात, पण पुढच्या दहा वर्षांचा हिशेब खरेदीदारानेच करायचा असतो. किंमत कमी असण्याचे एक कारण तेच.

कर किती?

विमान कशासाठी, यावर ते ठरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे, अन्य वापरासाठी ५ टक्के. या तफावतीमुळे ‘भाड्याचे’ म्हणून नोंदवलेले विमान मालकच वापरतो का, हा वाद जुना आहे. आयात शुल्काच्या सवलतीवरून अशी प्रकरणे न्यायाधिकरणापर्यंत गेली आहेत. जुन्या विमानाच्या आयातीसाठी डीजीसीएच्या वय आणि वापराच्या अटीही पाळाव्या लागतात.

जुने म्हणजे असुरक्षित?

तसे नाही. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत मुसळधार पावसात एक लिअरजेट ४५ धावपट्टीवरून घसरले. आतील आठही जण बचावले. विमानाच्या वयाइतकेच हवामान, दृश्यमानता, वैमानिकाचा निर्णय आणि धावपट्टी यांनाही महत्त्व असते. छोट्या विमानतळांवर तर ते अधिकच. गोंदियाजवळील बिरसीसारखी मोठी धावपट्टी प्रत्येक जिल्ह्याकडे नाही.

सरकारला कोणता प्रश्न विचारावा?

विमान केवढ्याला घेतले, एवढेच विचारून भागत नाही. वर्षाला ते किती तास उडणार, देखभालीसह तासाला किती खर्च येणार आणि तेवढ्या तासांसाठी भाड्याचे विमान स्वस्त पडले असते का, याचे उत्तर निविदेआधी मिळायला हवे. विमान हँगरमध्ये उभे असले, तरी विमा, वैमानिकांचे वेतन आणि तपासण्या यांचा खर्च सुरूच राहतो.